शिक्षिकांची शिक्षिका : जपानच्या त्सुदा उमेबाई

एखादी विद्या आपल्या अंगी असणे ही एक गोष्ट, आणि ती दुसऱ्याच्या अंगी उतरविणे ही अगदी निराळी गोष्ट होय. विहिरीस पाणी पुष्कळ असले, तरी पोहरा व दोर नसेल तर तहानलेल्याचा घसा कोरडाच राहतो. खेड्यापाड्यांतील शाळांत जे पंतोजी व शिक्षिका मुलांस परभाषा शिकवितात, आणि जे उपदेशक रात्रीच्या वर्गात प्रौढांस अक्षरओळख करून देतात, त्यांस ह्या गोष्टीचा अनुभव रोजचाच आहे. म्हणून ज्या एका बाईने परकी भाषा मातृभाषेसारखी आत्मसात केली, आणि तरीही ती शिकविण्याची कला आपणांस साधली नाही असे ओळखून पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर बसण्यास कमीपणा मानला नाही, तिचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. ह्या बाईंचे नाव त्सुदा उमेको. जपान देशाच्या रिवाजाप्रमाणे कुळाचे नाव आधी व स्वतःचे नाव मागून येते. आम्ही त्यांस उमेबाई असेच म्हणू. २०२४ सालच्या जुलै महिन्यात जपानात पाच हजार येनांची जी नवी नोट निघाली, तिच्यावर ह्याच बाईंचे चित्र छापलेले आहे.

उमेबाईंचा जन्म ३१ डिसेंबर १८६४ रोजी एदो शहरी झाला. हेच शहर १८६८ सालापासून टोकियो ह्या नावाने प्रसिद्ध आहे. त्यांचे वडील त्सुदा सेन हे सामुराई म्हणजे शस्त्र बाळगणाऱ्या लढवय्या वर्गातले होते; परंतु तलवारीपेक्षा त्यांस पुस्तकांची गोडी अधिक. प्रथम डच व मागून इंग्रजी शिकून ते सरकारी दुभाषी झाले, आणि १८६७ साली अमेरिकेस जाऊन आले. पुढे त्यांनी जपानात परदेशी भाज्यांची लागवड केली व शेतकीची शाळाही काढली. घरात पहिली मुलगीच होती. दुसरीही मुलगीच झाली असे कळताच ते रागावून घराबाहेर निघून गेले, आणि आईने उशाशी ठेवलेल्या कुंडीतील उमेच्या झाडावरून मुलीचे नाव ठेवले, अशी हकिकत सांगतात. उमे हे आलुबुखाऱ्याच्या जातीचे झाड असून ते थंडी सरण्यापूर्वीच फुलते. मुलगी झाली म्हणून तोंड फिरविणारे बाप आमच्या वाचकांच्या माहितीबाहेरचे नाहीत. परंतु त्याच बापाने सात वर्षे पुरी होण्यापूर्वी आपली मुलगी विद्येसाठी जगाच्या दुसऱ्या टोकास पाठविली, हेही त्याबरोबर लक्षात ठेवावे.

ती गोष्ट अशी घडली. जपानने दोनशेहून अधिक वर्षे परदेशांशी बहुतेक संबंध तोडून ठेवला होता. १८६८ साली राज्यव्यवस्था पालटली, आणि नव्या सरकारने पाश्चात्य विद्या घरी आणण्याचा चंग बांधला. उत्तरेकडील होक्काइदो बेटाच्या वसाहतखात्यात कुरोदा कियोताका नावाचे अधिकारी होते. अमेरिकेत त्यांनी शिकलेल्या स्त्रिया पाहिल्या, आणि घरातील आई सुशिक्षित असल्याशिवाय देश सुधारत नाही, असे त्यांच्या मनाने घेतले. काही मुली दहा वर्षांकरिता सरकारी खर्चाने अमेरिकेस पाठवाव्या, असे ठरले. पहिल्या हाकेस एकही आईबाप पुढे आले नाहीत. दुसऱ्या खेपेस पाच मुली मिळाल्या. त्यांपैकी दोघी वयात आलेल्या होत्या, यामाकावा सुतेमात्सु व नागाई शिगेको ह्या दोघी दहा-अकरा वर्षांच्या आसपास होत्या, आणि सर्वांत लहान उमे अवघी सहा वर्षांची होती. निघण्यापूर्वी ह्या मुलींस महाराणीसमोर नेण्यात आले, आणि शिकून परत या व देशभगिनींस उदाहरण व्हा, अशा अर्थाची आज्ञा त्यांस मिळाली. सहा वर्षांच्या पोरीस त्या आज्ञेचा अर्थ काय कळला असेल! तथापि तीच आज्ञा पुढे तिने जन्मभर पाळली.

२३ डिसेंबर १८७१ रोजी योकोहामा बंदरातून आगबोट निघाली. तिच्यावर जपान सरकारचे मोठे शिष्टमंडळ होते. उमेचा सातवा वाढदिवस भर समुद्रात उजाडला. १५ जानेवारी १८७२ रोजी बोट सॅन फ्रान्सिस्कोस लागली; तेथून आगगाडीने निघालेली मंडळी बर्फामुळे वाटेत अडकून पडली, आणि फेब्रुवारीच्या अखेरीस वॉशिंग्टनास पोहोचली. दोघी थोरल्या मुली प्रकृती बिघडल्यामुळे त्याच वर्षी स्वदेशी परतल्या. उरलेल्या तिघी निरनिराळ्या घरी राहिल्या. उमे वॉशिंग्टनजवळच्या जॉर्जटाऊन येथे चार्ल्स लॅनमन व त्यांच्या पत्नी ॲडेलिन ह्यांच्याकडे राहिली. लॅनमनसाहेब जपानी वकिलातीत चिटणीस होते. त्या दांपत्यास मूलबाळ नव्हते. त्यांनी ह्या परक्या मुलीस पोटच्या मुलीप्रमाणे वाढविले.

ह्या घरी उमे प्रभूच्या ओळखीस आली. ती जपानातून निघाली तेव्हा त्या देशात ख्रिस्ती धर्म पाळण्यास सरकारी मनाई होती, आणि तशा अर्थाच्या पाट्या रस्तोरस्ती लावलेल्या असत. १८७३ सालच्या फेब्रुवारीत त्या पाट्या उतरविण्यात आल्या, आणि त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात ह्या आठ वर्षांच्या मुलीने आपल्या इच्छेने बाप्तिस्मा घेतला. लॅनमन पतिपत्नींनी तिला त्याविषयी आग्रह केला नव्हता. तिकडे जपानातही तिचे वडील प्रभूकडे वळले, व १८७५ साली मेथडिस्ट मंडळीत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

शाळेत उमेची प्रगती उत्तम झाली. ती इंग्रजी बोले, इंग्रजी लिही, आणि स्वप्नेही तिला बहुधा इंग्रजीतच पडत असतील. तिच्याशी जपानी बोलणारे जवळपास कोणी नव्हते. दहा वर्षांची मुदत एका वर्षाने वाढवून मिळाली, आणि शाळेचा अभ्यास पुरा करून ती १८८२ सालच्या नोव्हेंबरात सुतेमात्सुसह योकोहामास उतरली. तेव्हा तिला अठरावे वर्ष पुरे होत आले होते. धक्क्यावर माणसे भेटावयास आली. अकरा वर्षांनी मुलगी घरी आली. परंतु आईशी तिला एक वाक्य बोलता येईना. मातृभाषा ती पार विसरून गेली होती. वडिलांस व थोरल्या बहिणीस इंग्रजी येत असे. मायलेकींमध्ये त्यांनी दुभाष्याचे काम करावे, तेव्हा आईचे म्हणणे लेकीस कळावे! जमिनीवर बसणे, काड्यांनी जेवणे, वडील माणसांपुढे वाकणे, हे सारे तिला नव्याने शिकावे लागले. देशाची म्हणून पाठविलेली मुलगी देशात परकी होऊन आली होती.

वाचकहो, परभाषा शिकण्याची ही किंमत आहे, आणि ती आमच्याकडेही कोणी कोणी देतात. शहरात शिकून आलेला मुलगा गावच्या म्हातारीशी बोलताना अडखळतो, किंवा बोलण्याची त्यास लाज वाटते. उमेबाईंस लाज वाटली, परंतु ती आपल्या मातृभाषेची नव्हे, तर आपल्या अज्ञानाची. त्यांनी लहान मुलाप्रमाणे अक्षरांपासून आरंभ केला. पुढे जन्मभर त्या जपानी बोलल्या, तरी लिहिताना त्यांचा हात इंग्रजीतच अधिक सहज चाले. जॉर्जटाऊनच्या लॅनमनबाईंस त्यांनी वर्षानुवर्षे पत्रे लिहिली. त्यांतील शेकडो पत्रे १८८४ नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८४ साली, त्यांच्या शाळेच्या इमारतीतील माळ्यावर सापडली. त्या काळचे त्यांचे मन आज आपणांस कळते, ते मुख्यतः ह्या पत्रांवरून.

दुसरे दुःख असे की, ज्या कामासाठी सरकारने त्यांस शिकविले, ते काम देण्यास कोणीच तयार नव्हते. ज्या वसाहतखात्याने त्यांस पाठविले, ते खाते १८८२ सालीच मोडले होते. सरकारी खर्चाने गेलेल्या मुलग्यांस परत येताच हुद्दे मिळाले. मुलींचे काय करावे, ह्याचा विचारच कोणी केला नव्हता. शिगेकोने एका आरमारी अधिकाऱ्याशी विवाह केला व संगीत शिकविण्याचे काम पत्करले. सुतेमात्सु १८८३ साली युद्धमंत्री ओयामा ह्यांच्या पत्नी झाल्या. उमेबाईंसही मागण्या आल्या, परंतु त्यांनी त्या नाकारल्या. आपल्या शिक्षणास जो पैसा लागला तो देशाचा होता, अर्थात रयतेच्या कराचा होता. तो आपण फेडला पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले होते. मोहर रुमालात बांधून ठेवणाऱ्या चाकराचा दृष्टांत आमच्या मंडळ्यांत सर्वांस ठाऊक आहे. ह्या तरुण मुलीस आपली मोहर रुमालात राहील हेच मोठे भय होते.

काही महिने त्यांनी टोकियोतील मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकविले. १८८३ सालच्या नोव्हेंबरात एका सरकारी समारंभात इतो हिरोबुमी ह्या मोठ्या मुत्सद्द्यांची व त्यांची गाठ पडली. हेच गृहस्थ अकरा-बारा वर्षांपूर्वी त्याच आगबोटीवर होते, आणि पुढे १८८५ साली ते जपानचे पहिले मुख्य प्रधान झाले. त्यांनी उमेबाईंस काही महिने आपल्या घरी ठेवून पत्नीस व मुलीस इंग्रजी व पाश्चात्य रीतिरिवाज शिकविण्याचे काम दिले, आणि शिमोदा उताको ह्या विदुषींशी ओळख करून दिली. उमेबाईंनी शिमोदाबाईंस इंग्रजी शिकवावे आणि त्यांच्याकडून जपानी शिकावे, असा क्रम सुरू झाला. ज्यास शिकवावयाचे त्याच्यापाशीच शिकावयाचे, ही गोष्ट अभिमानी माणसास कठीण जाते. उमेबाईंस ती साधली. १८८५ साली सरदारघराण्यांतील मुलींसाठी सरकारी शाळा उघडली, आणि तेथे त्यांस इंग्रजीच्या शिक्षिकेची जागा मिळाली.

ही जागा मानाची होती व पगारही चांगला होता. परंतु वर्गात उभे राहिल्यावर एक अडचण त्यांच्या ध्यानात आली. मुली गोड स्वभावाच्या व नम्र होत्या, पण मूर्तीप्रमाणे बसून राहत. प्रश्न विचारीत नसत, आपले मत सांगत नसत. शिवाय स्वतः उमेबाईंस इंग्रजी आली ती लॅनमनबाईंच्या मांडीवर, खेळताना, जेवताना, खिडकीतून पाहताना. भाषा कशी आली हे त्यांस सांगता येणे शक्य नव्हते, जसे आपणांस चालता कसे येऊ लागले हे आपणांस सांगता येत नाही. मग ज्या मुलींस आठवड्यातून काही तासच ही भाषा कानी पडते, त्यांस ती कोणत्या वाटेने न्यावी? येथे भाषेच्या ज्ञानाने काम भागत नव्हते. शिकविण्याचे शास्त्र निराळेच आहे, हे त्यांनी ओळखले.

सुतेमात्सु ज्या घरी वाढल्या त्या घरची मुलगी ॲलिस बेकन ही १८८८ साली टोकियोस येऊन त्याच शाळेत वर्षभर शिकवू लागली. तिने उमेबाईंस पुन्हा अमेरिकेस जाऊन वरचे शिक्षण घेण्यास उत्तेजन दिले. फिलाडेल्फिया येथील मॉरिसबाई नावाच्या परोपकारी ख्रिस्ती बाईंच्या खटपटीने तेथील ब्रिन मॉर नामक स्त्रियांच्या कॉलेजात जागा मिळाली, आणि शाळेने शिक्षणपद्धतीच्या अभ्यासाकरिता पगारी रजा दिली. १८८९ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ही सरकारी शिक्षिका पुन्हा विद्यार्थिनी झाली.

ब्रिन मॉर येथे त्यांनी जीवशास्त्र हा मुख्य विषय घेतला. तेथे थॉमस हंट मॉर्गन ह्या तरुण प्राध्यापकाबरोबर त्यांनी बेडकाच्या अंड्यांविषयी संशोधन केले, आणि दोघांच्या नावाने तो निबंध १८९४ साली इंग्लंडातील एका शास्त्रीय त्रैमासिकात प्रसिद्ध झाला. ह्याच मॉर्गनसाहेबांस १९३३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे असे जे काही झाले, ते न्यूयॉर्क प्रांतातील ओस्वेगो गावी. १८९१ सालच्या पहिल्या सहामाहीत उमेबाई तेथील अध्यापनशाळेत जाऊन राहिल्या. ही शाळा एडवर्ड शेल्डन ह्यांनी काढलेली असून स्वित्झर्लंडचे शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोत्सी ह्यांच्या पद्धतीविषयी तिची सर्वत्र कीर्ती होती.

ती पद्धत थोडक्यात अशी. मुलाच्या तोंडी शब्द घालण्यापूर्वी त्याच्या डोळ्यांपुढे वस्तू ठेवावी. जवळच्या गोष्टीपासून दूरच्या गोष्टीकडे, सोप्यापासून कठिणाकडे, प्रत्यक्षापासून कल्पनेकडे जावे. मुलाने पाहावे, हाताळावे, आणि आपण काय पाहिले ते आपल्याच शब्दांत सांगावे. शिक्षकाने सर्व आपणच बोलून टाकू नये. त्या अध्यापनशाळेत भावी शिक्षक केवळ व्याख्याने ऐकत नसत; खऱ्या मुलांपुढे खरा पाठ घेत, आणि मागून त्या पाठाचे गुणदोष जाणत्या शिक्षकांकडून ऐकून घेत. खेड्यातील एकशिक्षकी शाळेत जेथे नकाशा नाही, चित्रे नाहीत, तेथेही ही पद्धत चालू शकते. चिंच, नांगर, घागर, चूल ह्या वस्तू कोणत्या गावी नाहीत? परक्या भाषेचा शब्द आधी अशा ओळखीच्या वस्तूस चिकटवावा, म्हणजे तो मुलाच्या मनातून निसटत नाही.

१८९२ साली अभ्यास पुरा झाल्यावर त्यांस अमेरिकेतच राहून शास्त्राचे काम करण्याविषयी सुचविण्यात आले. ही संधी लहानसहान नव्हती. त्या काळी जपानात स्त्रीस असे काम मिळण्याची आशाच नव्हती. परंतु त्या परत निघाल्या. निघण्यापूर्वी मात्र त्यांनी एक गोष्ट केली. आपणांस जे मिळाले ते दुसऱ्या जपानी मुलींसही मिळावे म्हणून त्यांनी मॉरिसबाईंच्या साहाय्याने गावोगावी सभांत बोलून आठ हजार डॉलरांचा निधी उभा केला. मूळ रक्कम तशीच ठेवावी व व्याजावर एकेका मुलीस अमेरिकेत शिकवावे, अशी व्यवस्था होती. ह्या निधीतून पहिल्या गेल्या त्या मात्सुदा मिची. त्या पुढे क्योतो येथील दोशिशा संस्थेच्या स्त्रियांच्या महाविद्यालयाच्या प्रमुख झाल्या. कावाई मिची ह्याही ह्याच निधीतून शिकल्या, आणि त्यांनी १९२९ साली टोकियोत केइसेन नावाची ख्रिस्ती कन्याशाळा काढली. ह्याप्रमाणे एका दिव्याने दुसरा दिवा लागत गेला.

स्वदेशी परतल्यावर आठ वर्षे उमेबाईंनी पूर्वीच्याच शाळेत काम केले. १८९८ सालापासून स्त्रियांच्या वरिष्ठ अध्यापनशाळेतही त्या शिकवू लागल्या. त्याच वर्षी त्या अमेरिकेतील एका स्त्रीपरिषदेस गेल्या, आणि तेथून इंग्लंडास जाऊन काही काळ ऑक्सफर्ड येथे राहिल्या. १८९९ सालच्या मार्च महिन्यात त्यांनी वृद्ध फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंची भेट घेतली. शुश्रूषेचे काम अडाणी बायांचे मानले जात असता त्याची शिस्तबद्ध विद्या ह्याच बाईंनी बनविली होती. उमेबाईंस शिक्षिकेच्या कामाविषयी तेच करावयाचे होते.

वेळही अनुकूल आली. १८९९ साली जपान सरकारने कायदा करून प्रत्येक प्रांतात मुलींचे निदान एक तरी हायस्कूल असलेच पाहिजे असे ठरविले. शाळा निघणार, पण त्यांत शिकविणार कोण? हायस्कुलात शिकविण्यास सरकारी परवाना लागे, त्याची परीक्षा कठीण असे, आणि त्या परीक्षेची तयारी करून देणाऱ्या संस्था बहुतेक पुरुषांच्या. स्त्रीस स्वतःच्या कष्टाने पोट भरता येईल अशी ही थोड्या वाटांपैकी एक वाट होती, आणि तिच्या तोंडाशीच कुलूप होते. उमेबाईंनी ते उघडण्याचे ठरविले. १९०० सालच्या जुलै महिन्यात त्यांनी दोन्ही सरकारी जागांचा राजीनामा दिला. पंधरा वर्षांची नोकरी, भारी पगार आणि दरबारी मान ह्या सर्वांवर पाणी सोडून त्यांनी १४ सप्टेंबर १९०० रोजी टोकियोत भाड्याच्या एका लहानशा घरात स्त्रियांची इंग्रजी विद्याशाळा उघडली. आरंभी विद्यार्थिनी होत्या दहा. ॲलिस बेकन मदतीस पुन्हा आल्या होत्या. त्या व उमेबाई दोघीही शाळेतून पगार घेत नसत. सुतेमात्सुबाई सल्लागार झाल्या. आगबोटीवरची मैत्री अशी कामास आली.

शाळा उघडताना उमेबाईंनी जे विचार मांडले, त्यांचा सारांश आम्ही आमच्या शब्दांत देतो. इमारत व पुस्तके ही पाहिजेतच. पण खऱ्या शिक्षणास त्याहून अधिक लागतात ती शिक्षकाची योग्यता व तळमळ, आणि शिकणाराची चिकाटी. मोठ्या वर्गात माहिती वाटता येते, परंतु जसे प्रत्येकाचे तोंड निराळे तसे मनही निराळे. म्हणून वर्ग लहान असावा. इंग्रजी हा विषय घेतला म्हणून इंग्रजीच्याच डबक्यात राहू नये. चौफेर ज्ञान असलेली संपूर्ण स्त्री व्हावे. आणि शेवटी, शाळा नवी असल्यामुळे लोक तिची परीक्षा अभ्यासक्रमावरून करणार नाहीत, तर मुलींच्या बोलण्याचालण्यावरून करतील. म्हणून नम्रता सोडू नये. हा शेवटला उपदेश तर नव्या विश्वासणाऱ्यांच्या प्रत्येक मंडळीसही लागू आहे.

वर्गात मात्र उमेबाई कडक होत्या. त्या काळी जपानात इंग्रजी शिकविण्याची रूढ रीत अशी की, वाक्य घ्यावे, त्यातील शब्दांवर आकडे घालावे, आणि जपानीच्या क्रमाने त्यांचे भाषांतर म्हणावे. उच्चार कसाही असला तरी चाले. अशा रीतीने शिकलेला मनुष्य पुस्तक वाचू शके, परंतु इंग्रजी बोलणारा समोर येताच मुका होई. उमेबाईंच्या वर्गात विद्यार्थिनीने घरी कोश पाहून पाठ पक्का करून यावा, असा दंडक होता. आयता अर्थ सांगण्याची त्यांस चीड होती. उच्चार चुकला की तो बरोबर येईपर्यंत त्या पुन्हा पुन्हा म्हणावयास लावीत. जपानी भाषेत र व ल हे निरनिराळे वर्ण मानीत नाहीत. त्यामुळे इंग्रजीतील कित्येक शब्द जपानी कानास एकच वाटतात. आमच्या मुलांसही इंग्रजीतील दोन प्रकारचे व एकच भासतात. असा भेद सांगून कळत नाही. तो कानास व जिभेस घडवावा लागतो, आणि त्यास शिक्षकाचा धीर लागतो. वाचलेल्या उताऱ्यावर विद्यार्थिनीने स्वतःचे मत सांगावे, बाईंचे मत पटले नाही तर तसे बोलावे, असाही त्यांचा आग्रह असे. ज्या मुलींस बालपणापासून गप्प बसण्याचेच शिक्षण मिळाले होते, त्यांस ही भाषेहूनही मोठी विद्या होती.

१९०३ साली पहिल्या आठ मुली शिक्षण पुरे करून बाहेर पडल्या. १९०२ साली आलेल्या ॲना हार्टशॉर्न ह्या अमेरिकन बाई ह्या कामात आयुष्यभराच्या सोबती झाल्या. १९०४ साली सरकारने शाळेस उच्च शिक्षणसंस्थेचा दर्जा दिला, आणि १९०५ साली असे ठरविले की, येथून उत्तीर्ण होणाऱ्या मुलीस हायस्कुलात इंग्रजी शिकविण्याचा परवाना निराळ्या परीक्षेवाचून मिळावा. स्त्रियांच्या शाळांत हा मान पहिल्याने ह्याच शाळेस मिळाला. पाच वर्षांपूर्वी भाड्याच्या घरात दहा मुली घेऊन बसलेल्या बाईच्या शब्दावर आता सरकार विश्वास ठेवू लागले. त्याच वर्षी टोकियोतील तरुण ख्रिस्ती स्त्रियांच्या संघाचे अध्यक्षपदही त्यांजकडे आले.

परंतु शरीर थकत चालले होते. १९१७ साली त्यांस मधुमेहाच्या विकाराने रुग्णालयात राहावे लागले, आणि १९१९ साली त्यांनी प्राचार्यपद सोडले. १९२२ साली शहराबाहेर कोदाइरा गावी शाळेकरिता मोठी जमीन घेण्यात आली. पुढील वर्षी १ सप्टेंबर १९२३ रोजी जो प्रचंड भूकंप झाला, त्याच्या आगीत टोकियोतील शाळेच्या सर्व इमारती जळून राख झाल्या. उमेबाई तेव्हा अंथरुणास खिळल्यासारख्या होत्या. हार्टशॉर्नबाईंचे वय साठाच्या पलीकडे गेले होते; तरी त्या अमेरिकेस गेल्या आणि काही वर्षे खपून त्यांनी पाच लाख डॉलर जमविले. इकडे तात्पुरत्या झोपड्यांत वर्ग पुन्हा भरू लागले होते. नवी इमारत १९३१ साली उभी राहिली. ती पाहणे उमेबाईंच्या नशिबी नव्हते. १६ ऑगस्ट १९२९ रोजी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, कामाकुरा येथे त्या प्रभूपाशी गेल्या. कोदाइरा येथील शाळेच्या आवारातच त्यांची कबर आहे.

त्यांच्या मागून होशिनो आई ह्या त्यांच्याच विद्यार्थिनीने शाळा चालविली. ह्या बाईही उमेबाईंनी उभारलेल्या त्या अमेरिकन निधीतूनच शिकून आल्या होत्या. १९३३ साली शाळेस संस्थापिकेचे नाव देण्यात आले, आणि १९४८ साली तिचे विद्यापीठ झाले. ते आजही चालू आहे.

आता ह्या चरित्राचा आम्ही आमच्या कामाशी काय संबंध जोडावा? आमच्यापैकी बहुतेकांस अमेरिकेस जाणे नाही, सरकारी निधी नाही, मोठी शाळाही नाही. पण प्रत्येक पंतोजीपाशी व प्रत्येक उपदेशकापाशी अशी काही विद्या आहे की जी त्यास दुसऱ्याच्या खर्चाने मिळाली. कोणी मंडळीच्या वर्गणीने शिकला, कोणी आईच्या मोलमजुरीने शिकला. ते देणे फेडण्याचा मार्ग उमेबाईंनी दाखविला आहे, आणि त्याच्या दोन पायऱ्या आहेत. पहिली ही की, मला येते एवढ्यावर संतुष्ट न राहता, समोरच्या मुलास ते कसे येईल ह्याचा अभ्यास करावा, आणि त्यासाठी पुन्हा विद्यार्थी होण्याची लाज धरू नये. दुसरी ही की, शिष्य नुसते शिष्यच ठेवू नयेत. त्यांतून शिक्षक तयार करावे. उमेबाईंच्या पहिल्या इमारती एका दिवसात जळाल्या. त्यांनी तयार केलेल्या शिक्षिका मात्र तेव्हा आपापल्या गावच्या शाळांत मुलींपुढे उभ्या होत्या.

येत्या आठवड्यात आमच्या शिक्षक बंधुभगिनींनी एवढेच करून पाहावे. आपल्या वर्गातील जे मूल सर्वांत गप्प बसते, त्याच्यापुढे ओळखीची एखादी वस्तू ठेवावी, तिचे नाव नव्या भाषेत सांगावे, आणि मग आपण गप्प राहून त्या मुलाच्या बोलण्याची वाट पाहावी.